दिवाणखान्यांतला पियानो

पहांटेची गाडी दिवा जंक्शन सोडून गेली, कीं क्षणभर शांतता पसरते. एके काळीं अशाच शांततेंत घराघरांतून एकच धून ऐकूं येई : खालीं तंबोऱ्याचा अखंड नाद आणि वर व्हायोलिनचे आर्त सूर. शिवरंजनी रागाच्या स्वरांवर बेतलेल्या आकाशवाणीच्या त्या संकेतधुनीचें श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांस दिलें जातें. हे गृहस्थ मूळचे पियानोचे. त्यांची हकीगत आज सांगावयाची आहे.

कॉफमन यांचा जन्म १९०७ सालीं बोहेमियांतील कार्ल्सबाड येथें, एका ज्यू कुटुंबांत झाला. संगीताचें शिक्षण त्यांनीं बर्लिनमध्यें घेतलें. हिंदी संगीताच्या तबकड्या प्रथम ऐकल्या तेव्हां त्यांना त्यांतलें कांहींच उमजलें नाहीं. परंतु लक्षावधि लोक ज्यांत रमतात तें संगीत निरर्थक कसें असेल, उणीव आपल्याच कानांत असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. जर्मनींत हिटलरची सत्ता आल्यावर, १९३४ सालीं, ते मुंबईस आले.

त्याच वर्षीं त्यांनीं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यांतलें संगीत. त्यांत प्रचंड वाद्यवृंद नसतो, निर्देशकाची कांडी नसते. तीन-चार वादक परस्परांच्या श्वासाकडे लक्ष देऊन वाजवितात. आपल्या घरगुती बैठकीचेंच हें भावंड! वॉर्डन रोडवरील रेवा हाऊसमध्यें कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ व्हेर्गा चेलोवर, अशी ही मंडळी वाजवीत असत. मेहलींच्या घरींहि अशाच तालमी चालत, आणि त्या ऐकत वाढलेला त्यांचा मुलगा झुबिन पुढें जगद्विख्यात वाद्यवृंद-निर्देशक झाला.

पियानो हें वाद्य मोठें ऐश्वर्यवान. पण त्याची एक मर्यादा आहे. त्याच्या ८८ पट्ट्यांवर सप्तकाचे बारा समान भाग कायमचे बांधलेले असतात. दोन पट्ट्यांमधून मींड घेतां येत नाहीं. याच दोषास्तव आकाशवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. कॉफमन मात्र १९३७ पासून त्याच संस्थेच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते. आपल्या वाद्याची सीमा ओळखून त्यांनीं धुनीसाठीं व्हायोलिन व तंबोरा योजिला असावा, असें मला वाटतें.

ते मुंबईंत बारा वर्षें राहिले. त्यांच्या पत्नी गेर्टी या सुप्रसिद्ध लेखक काफ्का यांच्या भाची. गेर्टींच्या मातोश्री एली यांना १९४१ सालीं प्राग येथून लोड्झच्या ज्यू-वस्तींत हद्दपार करण्यांत आलें. त्या परतल्या नाहींत. युरोपांत अशीं घरें उध्वस्त होत असतां, मुंबईच्या एका दिवाणखान्यांत त्याच युरोपाचें संगीत जिवंत राहिलें होतें.

कॉफमन १९४६ सालीं मुंबई सोडून गेले. पुढें अमेरिकेंत ब्लूमिंग्टन येथें अध्यापन करीत असतां, १९६८ सालीं, त्यांनीं उत्तर हिंदुस्थानी रागांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथेंच १९८४ सालीं त्यांचें निधन झालें. एके काळीं आपल्याच कानांत उणीव मानणाऱ्या या पाहुण्यानें ती उणीव जन्मभर कष्टून भरून काढली. परक्या संगीताकडे पाठ फिरविण्यापूर्वीं आपणहि तेवढे कष्ट घेतों काय, हें ज्यानें त्यानें मनाशीं विचारावें.