तीन किलोमीटरचे वर्तुळ

सुरतजवळच्या कामरेजच्या चौफुलीवरून दक्षिणेला निघालेला ट्रक कडोदऱ्याला डावीकडे वळतो आणि बारडोली, व्यारा, सोनगढ, उच्छल करत शंभरेक किलोमीटरवर नवापूरला पोचतो. उलट दिशेने येणाऱ्या टेम्पोंत बहुतेक वेळा अंडी असतात, नाहीतर जाळीच्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्या. नवापूर नंदुरबार जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात असले तरी त्याची बाजारपेठ सुरत. गावाचे रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाचे एक टोक या राज्यात, दुसरे त्या राज्यात. लोक तिथे बसून फोटो काढतात.

18 फेब्रुवारी 2006 रोजी याच नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणू, एच5एन1, सापडल्याचे जाहीर झाले. भारतातली ही पहिली नोंद. त्याआधी काही आठवडे शेडमध्ये कोंबड्या मरत होत्या आणि जो तो राणीखेत या कोंबड्यांच्या ओळखीच्या रोगाचे नाव घेत होता. ते अगदीच चूक नव्हते. राणीखेतमध्येही कोंबडी मान टाकते, श्वास लागतो, शेडच्या शेड बसते. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेला दिसतो. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केल्यावर सरकारने नकाशावर नवापूरभोवती तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. आतला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा, मग तो आजारी असो वा ठणठणीत. बाहेर दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. हे वर्तुळ राज्याची सीमा ओलांडून उच्छल तालुक्यात गेले. उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यात होते, तापी जिल्हा पुढच्या वर्षी झाला. गुजरातेतला पहिला बर्ड फ्लू म्हणजे कामरेजच्याच जिल्ह्यातला. पुढे जळगाव आणि मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूरही यादीत आले आणि त्या फेरीत सुमारे 10 लाख पक्षी पुरले गेले.

ही रीत आली कुठून? आजारी जनावराबरोबर शेजारचे निरोगीही मारायचे, खड्डा खणायचा, चुना टाकायचा आणि मालकाला पैसे द्यायचे, हे नवापूरला कोणी शोधले नव्हते. ते कोंबड्यांसाठीही शोधलेले नाही. या वर्तुळाचे कूळ गाईगुरांकडे जाते.

अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात बुळकांडीने गोठे रिकामे केले. पोपचा वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चीसी याने सल्ला दिला: लागण झालेली गुरे उपचाराच्या नादी न लागता मारा, चुन्यात पुरा, गुरांची ये-जा थांबवा. तेव्हा रोग जंतूंमुळे होतो हे सिद्ध झालेले नव्हते. रोग गुराकडून गुराकडे जातो एवढे निरीक्षण, आणि तेवढ्यावर उभारलेला उपाय. हुकूम मोडणाऱ्याला पोपच्या राज्यात थेट देहदंडापर्यंतच्या शिक्षा होत्या.

1714 मध्ये तीच साथ लंडनभोवतीच्या गोठ्यांत शिरली. तिथे राजाचा शस्त्रवैद्य टॉमस बेट्स याने मारणे आणि पुरणे ठेवलेच, पण त्याला एक जोड दिली. मारलेल्या प्रत्येक गाईमागे मालकाला 40 शिलिंग सरकारी तिजोरीतून. गवळी मग स्वतःहून रोग कळवू लागले आणि थोड्याच महिन्यांत साथ आटोपली. मला या सगळ्या कुळकथेत बेट्स हा सर्वांत शहाणा माणूस वाटतो. लान्चीसीने रोग ओळखला, बेट्सने शेतकरी ओळखला. भीतीने माणूस आजारी जनावर लपवतो, रात्रीतून विकून टाकतो. हातात पैसे पडणार असतील तर तो स्वतः चालत दवाखान्यात येतो.

आपल्याकडे गाईच्या बाबतीत हा मार्ग चालणारच नव्हता. बुळकांडी भारताने लशीने घालवली. हिमालयातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांत वाढवलेल्या विषाणूची लस 1920च्या दशकात तयार केली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या देशभर गुरे टोचली गेली. त्याच एडवर्ड्सनी कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचे वर्णनही केले. रोगाला नाव मिळाले ते कुमाऊंतल्या राणीखेत गावावरून. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे ज्या रोगापायी हे वर्तुळ जन्मले तो रोग ज्या वर्षी इथून अधिकृतपणे गेला, त्याच वर्षी ते वर्तुळ नवापूरला कोंबड्यांभोवती आखले गेले. गाईला लस, कोंबडीला खड्डा. कोंबडीच्या बाजूने मोर्चा काढणारे कोणी नसते.

कोंबडीपर्यंत ही रीत पोचायला मात्र बराच काळ लागला. 1878 मध्ये एदोआर्दो पेर्रोन्चीतो याने उत्तर इटलीतल्या कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचे वर्णन केले. 1901 मध्ये कळले, की रोगाचे कारण जिवाणू गाळणाऱ्या गाळणीतूनही पार होते. हे कारण म्हणजे माणसाच्या फ्लूचाच भाऊबंद, हे 1955 मध्ये वेर्नर शेफर यांनी दाखवले. 1983-84 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात आणि आसपास सुमारे 1 कोटी 70 लाख पक्षी मारले गेले. तोवर प्रश्न फक्त पैशाचा होता, माणसाच्या जिवाचा नव्हता.

तो झाला 1997 मध्ये हाँगकाँगला. मे महिन्यात तीन वर्षांचा एक मुलगा दगावला आणि त्याच्यात एच5एन1 सापडला. वर्षअखेरीपर्यंत 18 जणांना लागण, 6 मृत्यू. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत शहरातल्या सगळ्या, सुमारे 15 लाख, कोंबड्या मारल्या गेल्या आणि माणसांतली लागण तिथल्या तिथे थांबली. या यशाने वर्तुळाला नवे प्रयोजन मिळाले. गोठा वाचवण्यासाठी जन्मलेली रीत आता माणूस वाचवण्यासाठी वापरली जाऊ लागली, आणि नवापूरला आली ती याच रूपात.

माणसाला धोका नेमका किती, हे इथे सांगितले पाहिजे, कारण दर साथीत दोन टोके दिसतात: कोणी अंडे शिवत नाही, कोणी मेलेली कोंबडी शिजवून मोकळा होतो. 2003 पासून जगभरात एच5एन1ची नोंद झालेली माणसे हजाराच्या आसपास आहेत. त्यांतली जवळजवळ निम्मी दगावली. सौम्य आजारी माणसे मोजणीत येत नसल्याने खरे प्रमाण याहून कमी असणार, पण आकडा हलका घेण्यासारखा नाही. लागण इतक्या कमी लोकांना का? हा विषाणू पेशीच्या ज्या खुंटीला पकडतो, ती खुंटी माणसाच्या नाका-घशात फार कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असते. म्हणून तो सहजासहजी चिकटत नाही. चिकटलाच तर खोल चिकटतो, आणि तिथून खोकल्यावाटे दुसऱ्याकडे जाणे त्याला जड जाते. काळजी आहे ती त्याने ही खुंटी बदलण्याची. तेवढ्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर डोळा ठेवून आहेत.

2006 मध्ये नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. कोंबड्या मारणाऱ्या कर्मचाऱ्यांना अंगभर पोशाख, मुखपट्ट्या आणि ऑसेल्टामिविरच्या गोळ्या दिल्या होत्या. भारतातला एच5एन1चा पहिला मानवी मृत्यू नोंदला गेला तो जुलै 2021 मध्ये, हरियाणातल्या 11 वर्षांच्या मुलाचा, दिल्लीच्या एम्समध्ये. मराठी मुलखातले उदाहरण वेगळ्या जातीच्या विषाणूचे आहे. एच9एन2ची देशातली पहिली मानवी नोंद 2019 मध्ये मेळघाटातल्या एका 17 महिन्यांच्या कोरकू मुलाची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ती ओळखली. बाळ बरे झाले.

वर्तुळ दरम्यान लहान झाले. आता एक किलोमीटर बाधित क्षेत्र आणि तिथून दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. दोन मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्यात सुमारे 1,800 पक्षी मावतात हा हिशेब सरकारी आराखड्यात आहे. मधल्या काळात 2009चा प्राणिरोग कायदा आला, त्यामुळे आदेशाला कायद्याचा आधार मिळाला. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात, फेब्रुवारीत पुन्हा नवापुरात वर्तुळे पडली. त्या वर्षी भरपाई होती मोठ्या लेअरला 90 रुपये, मोठ्या ब्रॉयलरला 70, अंड्याला 3. निम्मा भार केंद्राचा, निम्मा राज्याचा. शेड महिनोन्‌महिने रिकामी राहते, नवी पिल्ले आणायला परवानगी लागते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. त्याचे पैसे यात नाहीत. शिवाय भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्याची. रोगाने आधीच मेलेला पक्षी मालकाच्या खात्यावर. म्हणजे लवकर कळवणाऱ्याचा फायदा, हे बेट्सचे सूत्र कागदावर शाबूत आहे. पैसे उशिरा आले की ते सूत्र गावात उरत नाही, आणि त्या वेळी कोंबडी वर्तुळात न सापडता टेम्पोत सापडते.

दुसरी अडचण याहून मोठी. बुळकांडी गुराच्या पायांनी चालत होती. हा रोग उडतो. 2021 च्या जानेवारीत सुरत, नवसारी, नर्मदा या जिल्ह्यांत कावळे आणि रानपक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले, जानेवारीत उदगीरला कावळे. 2024 मध्येच अमेरिकेत तो दुभत्या गाईंत शिरला. कंपासने आखलेल्या रेषेला कावळा जुमानत नाही. म्हणून फ्रान्सने 2023 च्या ऑक्टोबरपासून बदकांना लस टोचायला घेतली. चीनमध्ये तर कोंबड्यांना लस कधीचीच सुरू आहे. लशीने मरतूक थांबते, पण विषाणू आतल्या आत फिरत राहिला तर कळत नाही, आणि निर्यातीचे दरवाजे बंद होतात, ही दुसरी बाजू. भारताने एच5एन1साठी अजून वर्तुळच धरून ठेवले आहे. मला तरी वाटते, लस आली तरी वर्तुळ जाणार नाही. शेडमध्ये लागण झाल्यावर दुसरा उपाय कोणाकडेच नाही. मात्र त्याच्या जोडीला भरपाईचे पैसे पंधरवड्याच्या आत मिळाले पाहिजेत, ही मागणी पोल्ट्रीवाल्यांइतकीच खाणाऱ्यांचीही असायला हवी.

चिकन आणि अंडी नीट शिजवा; 70 अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो, आणि आपला रस्सा त्याहून बराच वर उकळतो. कच्ची कोंबडी कापल्यावर हात, सुरी, पाट साबणाने धुवा. परसात एकाएकी तीनचार गावठी कोंबड्या मेल्या, झाडाखाली कावळे पडलेले दिसले, तर त्यांना हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका, नदीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. 1962 वर फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्रातही चालतो आणि गुजरातेतही.