बारकीचा आजा

आमच्या घरात माळ्यावर आबांची पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात एक लोखंडी खरारा, एक झिजलेला नाल आणि चार घड्या घातलेला वहीचा एक कागद आहे. आबा म्हणजे माझे आजोबा. भीमाकाठचं गाव सोडून ते पंधराव्या वर्षी पुण्याला आले आणि पुढची पन्नास वर्षं रेसच्या घोड्यांचे मोतद्दार म्हणून राबले. पहाटे चारला उठायचं, लीद काढायची, खरारा करायचा, चंदी द्यायची, गॅलपहून परतलेल्या घोड्याला घाम सुकेपर्यंत फिरवायचं. पावसाळ्यात पुण्याचा रेसचा हंगाम, तो संपला की घोड्यांबरोबर मुंबईला, महालक्ष्मीला. आमच्या घरची वर्षं अशी घोड्यांच्या मुक्कामावरून मोजली जायची.

जेवणं आटोपली की आबा पान लावत आणि घोड्यांच्या गोष्टी सांगत. त्यातली माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट बारकीच्या आजाची.

बारकी ही आबांच्या हाताखालची घोडी. रेसबुकात तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण तबेल्यात ती बारकीच. इतर घोड्यांच्या रांगेत ती उभी राहिली की तिची पाठ वीतभर खाली दिसायची. कुमैत रंग, कपाळावरून नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा. पहिल्या दिवशी तबेल्यातली माणसं हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरसाहेबांना, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरांना, एकच गोष्ट विचारली, "हिचा बाप कोण?" बाप रझीन. "आणि त्याचा?" डॉक्टरसाहेबांनी नाव सांगितलं, नॉर्दर्न डान्सर. मग त्या दुपारी गवताच्या गंजीवर बसून त्यांनी आबांना सगळी हकिगत सांगितली. आबांनी ती मला सांगितली, आणि दर खेपेला थोडी जास्त रंगवून सांगितली. मोठी झाल्यावर मी पुस्तकं धुंडाळून ती ताडून पाहिली. एखाददुसरा तपशील आबांच्या तोंडी वाढला होता, पण हकिगत खरी होती.

आबा सुरुवात करत ती नातवापासून नव्हे, आजोबापासून. "झाड सांगायचं तर मुळाकडून सांगावं," ते म्हणत. तर मूळ होतं इटलीत. फेदेरिको तेसिओ नावाच्या माणसाने तिथे 1935 साली निअर्को नावाचं शिंगरू वाढवलं. तो चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. 1938 साली इंग्लंडच्या मार्टिन बेन्सनने त्याला 60,000 पौंड मोजून न्यूमार्केटला नेलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. वरून बॉम्ब पडायची भीती, म्हणून या एका घोड्यासाठी स्टडवर खास तळघर बांधलं होतं. इथे आबा थांबत आणि म्हणत, "रक्त जपायचं म्हणजे असं जपायचं, बाळ."

दुसरी मुळी कॅनडाची. ई. पी. टेलर हा तिथला मोठा उद्योगपती. 1952 च्या डिसेंबरात न्यूमार्केटच्या बाजारात त्याने लेडी अँजेला ही घोडी 10,500 गिनींना घेतली. ती निअर्कोपासून गाभण होती. पण टेलरला आणखी एक शिंगरू हवं होतं. ती इंग्लंडात विऊन पुन्हा निअर्कोला दाखवावी आणि मगच बोटीवर चढवावी, असा त्याचा आग्रह. तसंच झालं. 1954 साली कॅनडाच्या मातीत निअर्क्टिक जन्मला. मोठा तापट घोडा. 47 वेळा धावला, 21 वेळा जिंकला. 1958 च्या उन्हाळ्यात त्याने अमेरिकेत मिशिगन माइल ही शर्यत मारली, आणि त्याच उन्हाळ्यात टेलरने साराटोगाच्या लिलावात 35,000 डॉलरना एक वर्षाची घोडी घेतली. तिचं नाव नाताल्मा. आबांच्या भाषेत सांगायचं तर, "बापाच्या कमाईनं आई घरी आली."

नाताल्माचा बाप नेटिव्ह डान्सर. पांढुरका, उंचापुरा, अमेरिकेचा लाडका घोडा. 22 शर्यतींत तो एकदाच हरला, आणि ती एक हार नेमकी 1953 च्या केंटकी डर्बीत झाली, तीही फक्त डोक्याएवढ्या अंतराने. आबा ही गोष्ट इथे मुद्दाम पेरून ठेवत आणि पुढे निघत. नाताल्मा धावायला चपळ होती, पण 1960 च्या वसंतात तिच्या गुडघ्यातलं हाड दुखावलं आणि शर्यती संपल्या. हंगाम सरत आला होता. जूनअखेर, इतक्या उशिरा, तिला निअर्क्टिककडे नेलं. 27 मे 1961 च्या मध्यरात्रीनंतर, ओंटारिओतल्या ओशावा इथे टेलरच्या विंडफील्ड्स फार्मवर, तिला शिंगरू झालं.

उशिरा जन्मलेलं, ठेंगणं, जाडजूड शिंगरू. कुमैत रंग, वाकडा पट्टा आणि तीन पांढरे पाय. "चौथा पांढरा असता तर पंचकल्याणी झाला असता," आबा हळहळत. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याला आपल्याकडे पंचकल्याणी म्हणतात, तो शुभ मानतात. मग ते स्वतःच म्हणत, "पण कल्याण करायला तीन पाय पुरले त्याला."

टेलरची रीत अशी होती की आपल्या वर्षभराच्या शिंगरांवर आधीच किंमत लावायची आणि गिऱ्हाइकांना निवडू द्यायचं. नाताल्माच्या पोरावर 25,000 डॉलर लागले. माणसं आली, उंची पाहिली आणि पुढे गेली. तो विकला गेला नाही, म्हणून टेलरकडेच राहिला. आबांनी ही ओळ मला शंभरदा तरी सांगितली असेल. ते भीमाकाठचे. भीमथडीची तट्टं माणसाच्या छातीला लागतील एवढीच, पण मराठ्यांच्या फौजा त्यांच्याच पाठीवर दूरदूर गेल्या. आबांच्या आजाकडे असलं एक तट्टू होतं. उंचीवरून घोडा नाकारणारं माणूस त्यांना घोड्यातलं कळतंय असं वाटतच नसे.

1963 च्या ऑगस्टमध्ये फोर्ट एरीला नॉर्दर्न डान्सर पहिल्यांदा धावला. पाठीवर रॉन टर्कॉट हा तरुण जॉकी, जो पुढे सेक्रेटेरिएटवर बसून जगप्रसिद्ध झाला. पहिलीच शर्यत त्याने सहज मारली. त्या वर्षी नऊपैकी सात जिंकल्या. पण हिवाळ्यात खुराला उभी चीर गेली. खूर चिरलेला घोडा म्हणजे महिनोन् महिने तबेल्यात उभा. तेव्हा कॅलिफोर्नियाहून बिल बेन नावाचा नालबंद आला. त्याने चीर साफ केली आणि तिच्यावर रबराचा तुकडा उष्णता देऊन असा बसवला की तो खुराचाच भाग झाला. हे सांगताना आबा माझा तळहात उलटा धरत आणि नखावर बोट फिरवून दाखवत, चीर कुठून कुठे जाते, ती मुळापर्यंत गेली तर रक्त कसं येतं, नाल कुठल्या खिळ्याने सैल ठेवावा लागतो. डर्बी जिंकणाऱ्या जॉकीइतकाच तो नालबंद त्यांच्या गोष्टीत मोठा होता.

2 मे 1964. केंटकी डर्बी, सव्वा मैल. फ्लोरिडा डर्बीत ज्याने नॉर्दर्न डान्सरला जिंकवलं, त्या बिल शूमेकरनेच आता हिल राइज हा उंच, देखणा घोडा निवडला होता. नॉर्दर्न डान्सरवर बिल हार्टॅक चढला. शेवटच्या वळणावर हा छोटा घोडा आखूड पावलं भराभर टाकत पुढे सटकला. सरळ पट्ट्यात हिल राइज लांब ढांगा टाकत आला, जवळ आला, आणखी जवळ आला, पण ओलांडू शकला नाही. आबा म्हणत, "नाकभर फरक!" खरा फरक मानेएवढा होता. वेळ नेमकी दोन मिनिटं, डर्बीच्या इतिहासातली तोवरची सर्वांत कमी, आणि 1973 साली सेक्रेटेरिएट येईपर्यंत ती कुणालाही मोडता आली नाही. कॅनडात जन्मलेला घोडा केंटकी डर्बी जिंकल्याची ही पहिलीच वेळ. आता आबांनी पेरलेलं उगवायचं. "आजाची राहिलेली शर्यत नातवानं मारली," असं म्हणून ते माझ्या डोक्यावर हात ठेवत. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

दोन आठवड्यांनी प्रीकनेसही त्याने जिंकली. टोरांटोच्या महापौरांनी नगराची किल्ली त्याला दिली, ती गाजरातून कोरलेली. दीड मैलाच्या बेलमाँटमध्ये मात्र तो तिसरा आला. पुढे 20 जूनला घरच्या मैदानावर, वुडबाइनला, क्वीन्स प्लेट सात लांबींहून अधिक फरकाने मारली. त्यानंतर पायाची नस सुजली आणि शर्यती थांबल्या. 18 वेळा धावला, 14 वेळा पहिला, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. पहिल्या तिघांबाहेर तो कधीच गेला नाही.

इथे इतर घोड्यांची गोष्ट संपते. याची इथून सुरू होते.

1965 साली तो ओशावाला वळू म्हणून उभा राहिला, फी 10,000 डॉलर. पुढे त्याला अमेरिकेत मेरीलँडला नेलं. उंच घोड्यांपुढे तो कमी पडू नये म्हणून तिथली जमीन खालवर करून घेतली होती. 1968 साली आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन वेगळंच शिंगरू पाहायला विंडफील्ड्सवर आले आणि नॉर्दर्न डान्सरच्या पोरावर त्यांची नजर खिळली. 84,000 कॅनेडियन डॉलरना ते आयर्लंडला गेलं. नाव निजिन्स्की. तिथे गेल्यावर तो ओट्सला तोंड लावेना. कॅनडात त्याला दाणे दाबून केलेल्या गोळ्यांची सवय होती. गोळ्या कॅनडाहून मागवल्या, आणि त्या पोचेपर्यंत पठ्ठ्या ओट्स खायला लागला होता. आबांना हे फार आवडायचं. चंदी न खाणारा घोडा दारात उभा असला की मोतद्दाराला स्वतःचा घास गिळत नाही, हे त्यांनाच ठाऊक. 1970 साली निजिन्स्कीने इंग्लंडची टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर अशा तिन्ही शर्यती मारल्या. त्याआधी हे 1935 साली बहराम घोड्याने केलं होतं. बहरामचे मालक तिसरे आगाखान, येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस बांधणारे. निजिन्स्कीनंतर आजवर ते कुणालाही साधलेलं नाही.

मग पोरांची रांगच लागली. द मिन्स्ट्रेल आणि सेक्रेटो यांनी एप्समची डर्बी जिंकली. लिफार्ड, नुरेयेव्ह, डॅन्झिग, स्टॉर्म बर्ड यांनी आपापली घराणी उभी केली. सॅडलर्स वेल्स ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चौदा वेळा अव्वल जनक ठरला. त्याचा मुलगा गॅलिलिओ बारा वेळा, आणि गॅलिलिओचा मुलगा फ्रँकेल चौदापैकी चौदा शर्यती जिंकला, थेट निअर्कोसारखा. ज्याला 25,000 डॉलरना गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, त्याची एका वेळची फी अखेरीस दहा लाख डॉलरपर्यंत चढली. 1987 साली त्याला निवृत्त केलं. 16 नोव्हेंबर 1990 रोजी मेरीलँडला तो गेला. त्याच रात्री ओकच्या पेटीतून त्याला सीमेपलीकडे, ओशावाला नेलं आणि जिथे जन्मला त्या तबेल्याजवळ पुरलं. ते फार्म आता बंद झालं आहे, त्या जमिनीवर विद्यापीठ उभं आहे. समाधी तिथेच आहे.

रझीन हा त्याच्या म्हातारपणीचा मुलगा, 1987 चा. 1990 च्या एप्सम डर्बीत सगळ्यांची भिस्त त्याच्यावर होती, पण तो मागे पडला. इंग्लंडने जणू पुस्तक मिटलं. मग तो भारतात आला, हरियाणातल्या उषा स्टडवर, आणि अनेक वर्षं या देशातला अव्वल जनक ठरला. धावण्यात जे राहिलं ते त्याने लेकरांत उतरवलं. त्यांतलीच एक आमची बारकी.

एका जुलैच्या पहाटे आबा मला तबेल्यात घेऊन गेले होते. मी दहा वर्षांची. पत्र्यावर पावसाची रिमझिम. बारकी गॅलपहून आली होती, अंगातून वाफ निघत होती. आबांनी आधी हातानेच तिच्या नळ्या चाचपल्या, गुडघ्यापासून खुरापर्यंत, दोनदा. गरम लागलं तर सूज, थंड लागलं तर ठीक. मग खरारा गोल गोल फिरवत मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत आले. त्यांनी माझ्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवला. "बोटं सरळ ठेव." तिच्या ओठांचा मऊ, ओला स्पर्श झाला आणि खडा गेला. मी विचारलं, "हिचा आजा हिला माहीत असेल का हो?" आबा म्हणाले, "तिला कशाला माहीत पाहिजे? तिच्या पायाला माहीत आहे. माहीत आपल्याला पाहिजे." त्या हंगामात बारकीने दोन शर्यती मारल्या. मोठ्या नव्हत्या. तबेल्यात पेढे वाटले ते आबांनी.

आबा गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा तो कागद सापडला. चौथी शिकलेल्या माणसाच्या ठळक देवनागरीत वंशावळ लिहिलेली होती. डावीकडे बाप: निअर्को, निअर्क्टिक, नॉर्दर्न डान्सर, रझीन. उजवीकडे आया: लेडी अँजेला, नाताल्मा. घोड्यांच्या छापील वंशावळीत आई असते, बाप असतो, मालक आणि पैदास करणाराही असतो. मोतद्दाराला तिथे रकाना नाही. सगळ्यांत खाली, मोठ्या अक्षरात, बारकी. आणि तिच्याशेजारी, थोडं लहान अक्षर काढून, आबांनी आपलं नाव लिहिलं होतं.