राजसोहळ्यातली बनात

दर जूनमध्ये लंडनला राजाच्या अधिकृत वाढदिवसाचे संचलन होते. पाहणाऱ्याची नजर आधी अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्यांवर जाते, मग सोनेरी कलाबतूवर. ज्या लोकरी कापडावर ती कलाबतू शोभते, ते मात्र बहुधा नजरेतून सुटते. प्रस्तुत अभ्यासाचा विषय तेच कापड आहे. आपल्याला ते अगदीच परके नाही. ईस्ट इंडिया कंपनी सतराव्या शतकापासून सुरतेच्या वखारीत हीच बनात विकायला आणत असे.

वाचकांनी सुरुवात राजघराण्यापासून न करता कापड घडते कसे, येथून करावी. माग हा या घडणीतला केवळ पहिला टप्पा. बनात मुद्दाम फार रुंद विणतात. मग ती भिजवून कुटतात. पूर्वी पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करीत आणि तेल काढायला मुलतानी मातीसारखी माती वापरीत. कापड आटत जाते, तंतू एकमेकांत गुंततात आणि वीण दिसेनाशी होते. त्यानंतर टीझल या वनस्पतीच्या काटेरी बोंडांनी लव उभी करायची आणि ती एकसारखी कातरायची. अशा कापडाचे धागे सुटत नाहीत. संग्रहालयात जुना लष्करी डगला पाहाल, तेव्हा त्याच्या कडा जरूर निरखा. पुष्कळदा त्या न दुमडता तशाच कापलेल्या असतात. विणकामाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक मान या पुढच्या संस्कारांना द्यावा, असे मला वाटते.

रंगाची कथाही अशीच रसाळ आहे. अधिकाऱ्यांच्या डगल्यांचा झळाळता लाल रंग मेक्सिकोतील निवडुंगावरच्या किड्यांपासून येई. साध्या शिपायाला मात्र मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, जरा मंद लाल मिळे. हुद्द्यातले अंतर रंगातच दिसे.

ही विद्या आजही जिवंत आहे. लीड्सजवळच्या स्टॅनिंग्ली येथील हेन्सवर्थ घराण्याची गिरणी १७८३ पासून हे काम करीत आली आहे. २०११ मध्ये प्रिन्स विल्यम यांनी विवाहात घातलेल्या लाल डगल्याचे कापड तिथलेच होते.

पण या वैभवाबरोबर ते घडवणाऱ्या हातांचा इतिहासही वाचावा. लव कातरणारे कारागीर प्रचंड, जड कात्र्या चालवीत आणि त्या कौशल्याचा त्यांना मोठा अभिमान असे. यंत्रांमुळे पोटावर पाय येऊ लागला, तेव्हा एप्रिल १८१२ मध्ये त्यांनी यॉर्कशायरमधील रॉफोल्ड्स गिरणीवर चाल केली. त्यात माणसे दगावली, पुढे काहींना फाशीही झाली. शार्लट ब्राँटे यांच्या ‘शर्ली’ कादंबरीला या घटनेची पार्श्वभूमी आहे. तांत्रिक ग्रंथांआधी ती वाचलीत, तर पुढे भेटणाऱ्या प्रत्येक अवजारामागचा माणूस तुमच्या ओळखीचा झालेला असेल.