दोघांना वगळून नाही

१९५१ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. तरीही हंगाम संपल्यावर त्यांना कोणी बोलावले नाही. हरून मागे पडलेले संघ पुष्कळ असतात. हा संघ जिंकून मागे राहिला, आणि तेही स्वतःच्या मर्जीने.

तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळत नाहीत. लांबट चेंडू हातात धरून, समोरच्यांच्या धडका सोसत तो पुढे न्यायचा, असा हा दांडगा खेळ आहे. विद्यापीठांचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपत आला की निवडक संघांना 'बाऊल' नावाच्या मोठ्या सामन्यांची निमंत्रणे जातात. त्यात पैसाही मिळतो आणि देशभर नावही होते. त्या काळी मायामीचा ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाऊल आणि जॅक्सनव्हिलचा गेटर बाऊल हे सामने दक्षिणेत होत. दक्षिणेत तेव्हा कायद्यानेच काळ्या मुलांची शाळा वेगळी होती आणि बसमधली जागाही वेगळी. शाळांतला हा भेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून तीन वर्षे होती.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचे. त्याच्याजवळ पैसा बेताचाच होता आणि फुटबॉलचा खर्च डोईजड झाला होता. पण प्रशिक्षक जो कुहारिच यांनी जमवलेली पोरे जिद्दीची होती. जिनो मार्केटी हा इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर धिप्पाड. आणि दोघे कृष्णवर्णीय, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म टेक्ससमधला, टोलरचा टेनेसीतल्या मेम्फिसचा. म्हणजे दोघेही मूळचे दक्षिणेचेच.

त्या हंगामात मॅटसनने चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची धाव घेतली. त्या वर्षी देशात एवढी कोणाचीच नव्हती. संघाने न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२–२६ असे हरवले, पॅसिफिक कॉलेजला ४७–१४ आणि शेवटी लॉस एंजेलिसच्या लोयोलाला २०–२. आता निमंत्रण येणार, हे सगळे धरून चालले होते.

निरोप आला, पण त्याला अट होती. काळ्या खेळाडूंना घरी ठेवून या. ही अट त्या काळी नवी नव्हती. १९४० साली मिसूरीच्या सामन्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठाने लेनर्ड बेट्स या आपल्या काळ्या खेळाडूला मागे ठेवण्याचे कबूल केले होते. त्याविरुद्ध विद्यार्थी उठले, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या सात जणांनाच निलंबित करण्यात आले. प्रतिष्ठित माणसांमधल्या अशा समझोत्याला तिकडे 'सभ्य गृहस्थांचा करार' म्हणत. सभ्यपणाचा असा अर्थ आपल्यालाही अगदी अनोळखी नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोरांनी मात्र नाही म्हटले. त्यांच्यात फूट पडली नाही. जायचे तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. बाहेर सांगायला आयोजकांनी कारण दिले ते हे की, या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते.

या नकाराची किंमत कोणी दिली, हे नीट पाहायला हवे. मॅटसन आणि टोलर यांच्यावर दार बंदच होते. ज्यांना ते उघडे होते, त्या गोऱ्या खेळाडूंनी आत जायचे नाकारले. गप्प बसले असते तर त्यांचे काहीच बिघडत नव्हते, उलट फायदाच होता. हज्जतुल विदाच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर वरचढपणा नाही हे सांगितले गेले, आणि आपण ते दरसाल अभिमानाने ऐकतो. ऐकण्याला काही पडत नाही. पानात वाढलेले सोडावे लागते, तेव्हा खरी कसोटी लागते.

त्यांना बक्षीसही मिळाले नाही. बाऊलचा पैसा हुकला आणि तोट्याचे कारण देऊन विद्यापीठाने त्या हंगामानंतर मोठ्या स्तरावरचा फुटबॉल बंद केला. संघच उरला नाही. खेळाडू मात्र उरले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिलेत रौप्यपदक मिळवले. पुढे मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात गेले.

टोलर यांच्या नशिबी ते नव्हते. १९५२ मध्येच गुडघा जायबंदी झाला आणि खेळणे संपले. ते शिक्षक झाले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्या शहराच्या सरकारी शाळांमध्ये या पदावर पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगने त्यांना पंच नेमले, तिथेही ते पहिलेच. लीगचे प्रमुख तेव्हा पीट रोझेल होते. १९५१ साली याच संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण तो हाच. आठवडाभर शाळा आणि रविवारी मैदान, असे टोलर यांनी पंचवीस हंगाम काढले. ज्यांना मैदानावर येऊ नका म्हटले होते, त्यांच्या शिटीवर आता खेळ थांबू लागला.

२००६ साली विद्यापीठाने त्या संघाला मानद डॉक्टरेट दिली. २००९ मध्ये टोलर वारले. विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचे नाव होते. हे शहराचे माजी महापौर, आणि १९२० च्या सिनेट निवडणुकीत 'कॅलिफोर्निया गोराच ठेवा' अशी घोषणा देणारे. २०१७ मध्ये ते नाव उतरवण्यात आले. त्या जागी आज बर्ल टोलर यांचे नाव आहे.