तबकडीवरचा पुरावा

मराठी मुसलमानांच्या इतिहासाची साधनं म्हटली की सनदा, बखरी, दर्ग्यांची दप्तरं पुढे येतात. लाखेच्या काळ्या तबकड्या कुणी त्यात धरत नाही. माझ्या मते त्याही दप्तरच आहेत.

उस्ताद अब्दुल करीम खाँ कैरान्याचे, पण मिरजेत स्थायिक झालेले. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. 1937 मध्ये त्यांचं निधन झालं. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तबकड्यांवर त्यांनी ख्याल-ठुमरीबरोबर मराठी नाट्यपदंही गायली. ‘मानापमान’मधलं एक पद त्यांत आहे. मराठी आणि मुसलमान ही दोन वेगळी खाती आहेत, असं म्हणणाऱ्याला याहून साधं उत्तर माझ्याकडे नाही.

हा पुरावा ठिसूळ आहे. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते आणि सुईच्या प्रत्येक फेरीने थोडी झिजते. म्हणून ती संगणकावर उतरवून ठेवावी. टर्नटेबलची वायर रिसीव्हरच्या ‘फोनो’ खाचेत लावायची आणि अर्थिंगची तार जोडायची, नाहीतर गुणगुण येते. रिसीव्हरच्या ‘टेप आउट’मधून संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये केबल न्यायची. स्पीकरची तार संगणकाला कधीही जोडू नये. तिच्यातला दाब संगणकाला सोसत नाही. ‘लाइन इन’ नसेल तर यूएसबीचा छोटा ऑडिओ इंटरफेस चालतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आवाजाची पातळी कमाल रेषेच्या खालीच ठेवायची आणि मूळ प्रत एमपी3 नव्हे, वेव्ह फाइलमध्ये जपायची.

दोन गोष्टी इथे चुकतात. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला एलपीची बारीक सुई चालत नाही. शिवाय जुन्या तबकड्या नेमक्या 78 च्याच वेगाने मुद्रित झाल्या असतील असं नाही. वेग थोडा वाढला तरी स्वर चढतो, आणि खाँसाहेबांचा मुळातच उंच आवाज भलताच पातळ ऐकू येतो.

याहून मोठा धोका साफसफाईचा. 1902 मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणं संपलं की गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. दूरच्या कारखान्यात तबकडी कुणाची हे त्यावरून कळे. आज फाइल ‘नीट’ करणारा माणूस शेवटचे हे काही क्षण कापून टाकू शकतो. मग गाणं उरतं, पण आपलं नाव स्वतः सांगणारी ती बाई त्यातून निघून जाते. खरखर कमी करायची असेल तर वेगळ्या प्रतीवर करावी. मूळ प्रतीला हात लावू नये. लेबलवरचा क्रमांक, कंपनी आणि दोन्ही बाजू फाइलच्या नावात लिहाव्यात.

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांच्या मुद्रणाला ती आडकाठी उरलेली नाही. आडकाठी आहे ती आपल्या उदासीनतेची. पोटमाळ्यावरच्या पेट्या भंगारात देण्याआधी एकदा उघडा. आपण इथले कोण होतो, हे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत बसण्यापेक्षा आपल्याच माणसांच्या आवाजात ऐकता येतं.