वचनतसबीर

संतवचन, सुभाषित अथवा ग्रंथातील निवडक पद्य सुवाच्य अक्षरांत छापून वा हाताने लिहून, काचेखाली लाकडी चौकटीत बसवून भिंतीस लावलेली वस्तू. ‘तसबीर’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला व त्याचा मूळ अर्थ चित्र. परंतु जीत केवळ अक्षरेच आहेत तिलाही मराठी माणूस तसबीरच म्हणतो, आणि देवाच्या तसबिरीचा सारा मानमरातब तिला देतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढल्यानंतर देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य घरांत पोचली, व त्या चित्रांकरिता भिंतीवर मुक्रर झालेल्या जागेत वचनांनाही आसरा मिळाला.

या प्रकारातील सर्वोत्तम नमुना पसायदानाचा होय. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाअखेर येणाऱ्या या नऊ ओव्या स्वयंपूर्ण असून एका कागदावर सुखाने मावतात; त्यामुळे वचन मधूनच तोडून त्याचा आगापिछा हरवण्याचा जो दोष अन्य तसबिरींना सहसा जडतो, त्यापासून ही मुक्त राहिली आहे. पाठाची शुद्धता मात्र डोळ्यांत तेल घालून राखावी लागते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून, तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. ती नकलकारांना उद्देशून असली तरी तसबिरी छापणाऱ्यांनाही तितकीच लागू आहे, कारण पोथीतील चूक ती उघडणाऱ्यालाच दिसते, पण भिंतीवरील चुकलेला अनुस्वार घरातली पोरे जन्मभरासाठी पाठ करतात.

तसबीर घरी कशी येते व तिचा मान कसा राखतात, हे एका गावाच्या मुलखात पाहता येते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे उत्तरेश्वराचे स्थान व हळदीपासून कुंकू करण्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले गाव. येथून रेल्वेने कुर्डुवाडी व तेथून पुढे पंढरपूर. वारीहून परतताना चुरमुरे-बुक्क्याबरोबर तसबीरही घरी यावी, हे या मुलखात स्वाभाविकच आहे. जुन्या घरांत ती वरच्या बाजूने किंचित पुढे झुकवून टांगीत, म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसलेल्यास काचेवरील उजेडाची तिरीप न लागता अक्षरे वाचता येत. सणावारी काच ओल्या फडक्याने पुसून तिच्यावर कुंकवाचे बोट टेकवतात. देवाच्या चित्रास कपाळ असते, वचनास ते नसते. म्हणून जाणती गृहिणी मथळ्यावरील ‘श्री’पाशी अथवा वरच्या कोऱ्या समासात बोट लावते, म्हणजे एकही अक्षर झाकले जात नाही. वर्षानुवर्षांच्या त्या बोटांनी काचेच्या कडेला फिकट तांबूस डाग धरतो, आणि तो खरवडून काढण्याची रीत नाही. काच तडकली म्हणजे तसबीर उतरवतात. कागद नदीत सोडतात, व चौकट धड असल्यास तीत दुसरे वचन बसवून घेतात.