मोटारीचे सॉफ्टवेअर अपडेट : स्वीकारावे की थांबावे?

मोटारीच्या पडद्यावर एखाद्या सकाळी नवे अपडेट उपलब्ध असल्याचा संदेश झळकतो आणि त्याखाली 'आता' व 'नंतर' असे दोन पर्याय दिसतात. भ्रमणध्वनीवर अशा संदेशाकडे काही दिवस दुर्लक्ष केले तरी सहसा फारसे बिघडत नाही. मोटारीत मात्र हेच सॉफ्टवेअर ब्रेक, बॅटरी आणि चालकशक्ती यांवरही नियंत्रण ठेवत असल्याने हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

गाडी कार्यशाळेत न नेता इंटरनेटद्वारे सॉफ्टवेअर बदलण्याच्या या पद्धतीला 'ओव्हर द एअर' किंवा 'ओटीए' अपडेट म्हणतात. २०१२ मध्ये आलेल्या टेस्लाच्या 'मॉडेल एस'मुळे ती प्रकाशात आली. भारतात २०१९ साली दाखल झालेल्या एमजी हेक्टरमध्ये ही सोय होती.

या पद्धतीची उपयुक्तता २०१८ मध्ये ठळकपणे दिसली. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेच्या चाचणीत ताशी ६० मैल वेगाने धावणाऱ्या टेस्ला 'मॉडेल ३'ला थांबण्यासाठी १५२ फूट अंतर लागले. कंपनीने काही दिवसांतच अपडेट पाठवले आणि फेरचाचणीत हे अंतर १३३ फुटांवर आले. वाचलेले १९ फूट त्या गाडीच्या लांबीपेक्षाही अधिक आहेत. याउलट, २०१५ मध्ये दोन संशोधकांनी जीप चेरोकीचा ताबा दुरून घेता येतो हे दाखवून दिल्यावर सुमारे १४ लाख वाहने परत मागवण्याची घोषणा झाली, तेव्हा वाहनधारकांना सुधारित सॉफ्टवेअर यूएसबीवर टपालाने पाठवावे लागले.

तथापि, घाईने पाठवलेले अपडेट स्वतःच बिघाडाचे कारण ठरू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन कंपनीच्या अपडेटमध्ये चुकीचे सुरक्षा प्रमाणपत्र गेल्याने अनेक गाड्यांचे पडदे बंद पडले; गाड्या चालत मात्र होत्या. ऑक्टोबर २०२५ मधील जीप रँग्लर ४एक्सईचे प्रकरण अधिक गंभीर होते. अपडेटनंतर काही गाड्यांची चालकशक्ती रस्त्यावर धावत असतानाच खंडित झाली. कंपनीने ते मागे घेतले आणि ज्यांनी स्वीकारले नव्हते त्यांना पडद्यावरील संदेशाकडे दुर्लक्ष करण्यास सांगितले. 'नंतर' हा पर्याय निवडलेले वाहनधारक या त्रासातून वाचले.

कधी अपडेट बिघडत नाही, पण मालकाचे काही काढून घेते. २०१९ मध्ये टेस्लाने काही 'मॉडेल एस' गाड्यांच्या बॅटरीचा कमाल व्होल्टेज अपडेटद्वारे घटवला होता. त्यावरील दाव्यात २०२१ साली १५ लाख डॉलरची तडजोड झाली.

संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५६ या संदर्भात महत्त्वाचा असून, युरोपीय संघात जुलै २०२४ पासून तो सर्व नव्या मोटारींना लागू आहे. अपडेटचा हेतू, लागणारा वेळ आणि त्या काळात बंद राहणाऱ्या सुविधा यांची माहिती वापरकर्त्याला देणे त्यानुसार बंधनकारक आहे. प्रक्रिया अर्धवट राहिल्यास गाडी पूर्वीच्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत आली पाहिजे. मात्र यशस्वी झालेले, पण नकोसे वाटणारे अपडेट मालकाला मागे घेता यावे, अशी सक्ती त्यात नाही. ही उणीवच म्हणावी लागेल. भारतात याच विषयावर एआयएस १९० हे मानक तयार करण्यात आले आहे.

त्यामुळे संदेशासोबतचे निवेदन वाचणे ही पहिली पायरी ठरते. ब्रेक, बॅटरीची सुरक्षा किंवा सायबर सुरक्षेशी संबंधित सुधारणा, विशेषतः परत मागवणीच्या सूचनेनुसार आलेली, लांबणीवर टाकू नये. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत २० लाखांहून अधिक टेस्ला गाड्यांची अधिकृत परत मागवणी अशाच अपडेटद्वारे झाली. पडद्याची नवी मांडणी, संगीत वा नकाशे यांसाठी मात्र आठवडाभर थांबून इतर वाहनधारकांचा अनुभव पाहण्यात नुकसान नाही.

अपडेट प्रवासाच्या आदल्या रात्री किंवा वाटेतील चार्जिंग केंद्रावर सुरू करू नये, कारण तेवढा वेळ गाडी सहसा वापरता येत नाही. १२ व्होल्टची बॅटरी कमकुवत असल्यास ती आधी तपासून घ्यावी. जुनी आवृत्ती आणि निवेदन यांचे छायाचित्र काढून ठेवल्यास, पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर सेवा केंद्रात ते दाखवता येते.